बॅलव्हिडरचं चर्च, मॅकलॅरेनांची जमीन आणि रॉब रॉयचं थडगं : सारखे विचारले जाणारे प्रश्न

स्टर्लिंगला राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी बॅलव्हिडरला नेते, मग ते फोटो टाकतात आणि त्यांच्या ओळखीचे लोक मला मेसेज करायला लागतात. त्याच त्या प्रश्नांना परत परत टाईप करून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथं. आधी साधे प्रश्न, खाली खाली गुंतागुंतीचे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिथं बघा.

१. हे बॅलव्हिडर आहे कुठं, आणि स्पेलिंगमध्ये ‘क्यू’ असून तुम्ही ‘व्ह’ का लिहिता?

स्कॉटलंडच्या मध्यात, जुन्या पर्थशर परगण्यात, आता स्टर्लिंग कौन्सिलच्या हद्दीत. लॉख व्हॉइल नावाचं लांबट तळं आहे, त्याच्या पूर्वेच्या टोकाला हे छोटंसं गाव. क्यू-यू-एच ही तीन अक्षरं जुन्या स्कॉट्स भाषेत ‘व्ह’साठी लिहायचे, त्यामुळे लिहायचं एक आणि बोलायचं बॅल-व्हिडर. मी पहिल्यांदा बस ड्रायव्हरला ‘बॅलक्विडर’ म्हणाले होते, तो बिचारा हसला नाही, फक्त हळूच बरोबर उच्चार करून तिकीट दिलं.

२. पॅरिश चर्च म्हणजे नक्की काय? साधं चर्च आणि यात फरक काय?

वसई किंवा गोव्याकडच्यांना हे सांगायला नको. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा सगळा मुलूख. इथं फरक एवढाच की स्कॉटलंडमध्ये पॅरिश हे सरकारी कामाचंही एकक होतं, जन्म-लग्न-मरणाची नोंद, गरिबांना मदत, शाळा, सगळं चर्चच्या अंगावर. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर इथलं चर्च प्रॉटेस्टंट, त्यातही प्रेस्बिटेरियन वळणाचं झालं, म्हणून पाद्र्याला ‘मिनिस्टर’ म्हणतात. (माझ्या आत्याला वाटलं होतं इथं मंत्री पुरलाय.) चर्चला स्कॉट्स भाषेत ‘कर्क’, भोवतीच्या दफनभूमीला ‘कर्कयार्ड’.

३. फोटोत एक पडकं चर्च आणि मागे एक धड चर्च दिसतं, जुनं कुठलं?

पडकं जुनं. पण खरं तर मोजायची तीन आहेत, दोन नाही. सगळ्यात आधीचं ‘एग्लिश बेग’, गेलिक भाषेत ‘छोटं चर्च’, ते सेंट अँगसच्या कबरीवर बांधलं असं लोक मानतात, त्याचा आता जमिनीलगत पायासारखा थोडा भाग दिसतो एवढंच. मग १६३१ चं, ज्याच्या बिनछपराच्या भिंती आणि वरची घंटेची छोटी छत्री फोटोत येते, ते लॉर्ड स्कोन म्हणजे डेव्हिड मरे यांनी बांधलं असं सांगतात. आणि १८५० च्या दशकात बांधलेलं तिसरं, तेच आज वापरात असलेलं (त्याच्या पैशाची गंमत प्रश्न १५ मध्ये). नवं बांधताना जुनं पूर्ण पाडलं नाही आणि भोवती लोकांनी आपली माणसं पुरणं चालूच ठेवलं, म्हणून तिन्ही एकाच आवारात, पन्नास-साठ पावलांत.

४. सेंट अँगस कोण? आणि त्याचा दगड चर्चच्या आत कसा?

आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास या खोऱ्यात आलेला ख्रिस्ती साधू असं परंपरा सांगते. खोरं दिसल्याबरोबर गुडघे टेकून त्याने आशीर्वाद दिला म्हणे, त्या जागेला अजून ‘अँगसचा आशीर्वाद’ अशा अर्थाचं गेलिक नाव आहे.

दगडाची गोष्ट जास्त चांगली आहे. माणसाएवढी लांब शिळा, वर हातात प्याला धरलेल्या धर्मगुरूची आकृती, रेषा इतक्या झिजल्यात की उजेड तिरका पडल्याशिवाय दिसतच नाहीत. ही शिळा पूर्वी जमिनीत होती आणि लग्न, बारसं हे सगळं लोकांना तिच्यावर उभं राहूनच करायचं असायचं, त्याशिवाय लग्न ‘लागलं’ असं वाटायचंच नाही. प्रेस्बिटेरियन मंडळींना हे चालेना, दगडाची पूजा म्हणजे अंधश्रद्धा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शिळा उचलून बाहेर काढली. आता ती परत आत, नव्या चर्चच्या भिंतीला टेकवून उभी केलीय, आणि गंमत म्हणजे आता तीच चर्चची सगळ्यात मानाची वस्तू. मला आपल्या गावच्या शेंदूर फासलेल्या दगडांची आठवण येते, कोण काढेल हात लावून.

५. क्लॅन म्हणजे काय? जात? गोत्र? भावकी?

‘भावकी’ सगळ्यात जवळचं. गेलिकमध्ये ‘क्लान’ म्हणजे लेकरं. एका मूळपुरुषाची लेकरं आणि त्यांचा एक म्होरक्या, ‘चीफ’. पण सगळे रक्ताचेच असतात हे साफ चूक. चीफच्या जमिनीवर कुळं म्हणून राहणारे, संरक्षणासाठी येऊन चिकटलेले, सगळे तेच आडनाव लावायचे. आणि उलटही व्हायचं, रक्ताचे असून आडनाव बदलून जगायचे, ते प्रश्न ९ मध्ये आहे आणि इथल्या इतिहासाची सगळी किल्ली तिथंच आहे.

६. मग ही दफनभूमी मॅकग्रेगर क्लॅनची ना?

नाही! हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि गाईड लोकांनीच तो गोंधळ करून ठेवलाय. पहिली गोष्ट, ती पॅरिशची दफनभूमी आहे, पॅरिशमध्ये मेलेला कोणीही तिथं पुरला जायचा, फक्त ज्याची त्याची जागा ठरलेली, आपल्याकडे गावच्या स्मशानात असते तशी. दुसरी गोष्ट, क्लॅनच म्हणायचं असेल तर यजमान मॅकलॅरेन. तेराव्या शतकातला लाव्रान नावाचा अ‍ॅबट, म्हणजे मठाचा प्रमुख, त्यांचा मूळपुरुष, हे खोरं त्यांचं, चर्चच्या वरचा ‘क्रेग अन टुर्क’ म्हणजे रानडुकराचा खडक हे त्यांचं जमायचं ठिकाण आणि तीच त्यांची युद्धातली आरोळी. संकटात निरोप गेला की सगळे त्या खडकावर. वर चढायला चर्चच्या मागून वाट आहे, वीसेक मिनिटं लागतात, आणि वरून खाली चर्च, तळं, पलीकडचे डोंगर असं सगळं एका दमात दिसतं.

मॅकग्रेगर हे मागून आलेले शेजारी, आणि शेजार काही गोडीचा नव्हता. १५५८ मध्ये ग्लेन डॉखर्टच्या मॅकग्रेगरांनी रात्री येऊन मॅकलॅरेनांची अठरा घरं बायकामुलांसकट कापली असं परंपरेत आहे. त्याच मॅकलॅरेनांच्या अंगणात आज रॉब रॉय या मॅकग्रेगरच्या थडग्यासमोर रांग लागते आणि मॅकलॅरेनांच्या दगडांकडे कोणी मान वळवून बघत नाही, हे मला तरी दरवेळी खटकतं.

७. मॅकलॅरेन आत गेल्याशिवाय चर्चमध्ये कोणी शिरायचं नाही, असं वाचलं, खरं का?

परंपरा तशीच आहे. आधी मॅकलॅरेन आत, मग बाकीचे. आता मान म्हटल्यावर मारामाऱ्या आल्याच, चर्चच्या दारात एकदा इतकी जुंपली की मॅकलॅरेन घराण्यातलाच एक पाद्री त्यात मेला, असं सांगतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून आपल्याकडे किती डोकी फुटली असतील, त्यातलाच प्रकार.

८. रॉब रॉय कोण होता एका वाक्यात सांगा. दरोडेखोर की गरिबांचा कैवारी?

एका वाक्यात होत नाही. रॉबर्ट मॅकग्रेगर, लाल केसांमुळे ‘रुआ’ म्हणजे लाल, त्याचं इंग्रजीत ‘रॉय’ झालं. १६७१ मध्ये लॉख कॅट्रिनच्या टोकाला ग्लेनगाईलला जन्म. धंदा गुरांचा. हायलँडमधून, म्हणजे वरच्या डोंगराळ मुलखातून, गुरं हाकत खालच्या बाजारात नेऊन विकायची आणि सोबत ‘ब्लॅकमेल’, हा शब्द इथूनच आला, म्हणजे तुमची गुरं चोरीला जाणार नाहीत याची फी, आणि फी दिली नाही तर चोरीला कोण नेणार हे सांगायची गरज नव्हती. माँट्रोजच्या ड्यूककडून त्याने हजार पाउंड उचलले, गुरं आणायला पाठवलेला माणूस पैसे घेऊन पळाला, ड्यूकने जमीन जप्त केली, घरच्यांना हाकललं आणि १७१२ मध्ये रॉब रॉय कायद्याने फरारी. मग पुढची कित्येक वर्षं त्याने ड्यूकचे भाडे गोळा करणारे लुटले, पकडला गेला, निसटला, परत पकडला, परत निसटला. १७२५ मध्ये जनरल वेडपुढे शरण येऊन माफी मिळवली आणि २८ डिसेंबर १७३४ ला बॅलव्हिडरच्या वरच्या अंगाला इन्व्हरलॉखलारिगला स्वतःच्या घरात, अंथरुणात मेला. माझं मत विचाराल तर कर्जात बुडालेला, हुशार, बऱ्यापैकी बेरकी व्यापारी. कैवारी वगैरे एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी केलं.

मरणाची एक गोष्ट मात्र सांगतेच. शेवटच्या दिवसांत ज्याच्याशी वैर होतं असा एक मॅकलॅरेन भेटायला आला. रॉब रॉय म्हणाला, शत्रूने मला आडवं पडलेलं बघायचं नाही, आणि त्याला उठवून कपडे, प्लेड म्हणजे चौकटीची जाड शाल, तलवार, पिस्तुलं सगळं चढवून खुर्चीत बसवलं. पाहुणा गेला तसं म्हणाला, आता झालं, पायपरला (बॅगपाइप वाजवणाऱ्याला) वाजवायला सांगा. खरी असो वा नसो, गोष्ट इथलीच.

९. थडग्यावर ‘मॅकग्रेगर डिस्पाइट देम’ लिहिलंय, याचा अर्थ काय?

मराठीत याला तयारच शब्द आहे : मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून.

‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, तर ज्यांनी हे आडनावच बेकायदा ठरवलं त्यांच्या. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनला मॅकग्रेगरांनी कोल्हून क्लॅनची शंभरावर माणसं मारली, आणि एप्रिलमध्ये राजाच्या कौन्सिलने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नाव लावायचं नाही, लावलं तर मरणाची शिक्षा. चीफ अलास्डर मॅकग्रेगर याला जानेवारी १६०४ मध्ये एडिनबरात फाशी दिलं. पुढे अजून नियम आले : चारापेक्षा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही, हत्यार म्हणून फक्त जेवणात मांस कापायला एक सुरी, तीही टोक मोडलेली. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली, कायमची उठली ती १७७४ मध्ये. म्हणजे रॉब रॉयचं जवळजवळ सगळं मोठेपण बंदीतच गेलं, कागदावर तो आईचं आडनाव लावून ‘कॅम्पबेल’ सही करायचा. ज्याला जिवंतपणी स्वतःचं नाव लिहिता आलं नाही त्याच्या दगडावर ते ठळक कोरलंय, म्हणून मला ती ओळ आवडते, जरी ती ओळ कोरलेला दगड मागाहून बसवलेला असला तरी.

१०. म्हणजे थडगं खोटं आहे का?

माणूस तिथंच पुरलाय यावर फारसा वाद नाही. दगडांचा हिशेब मात्र वेगळा. जुन्या चर्चच्या पडक्या भिंतीसमोर पितळी कठड्याच्या आत तीन जाड शिळा आडव्या ठेवल्यात, एक रॉब रॉयची, एक बायकोची, एक मुलांची. वाकून बघा, रॉबच्या म्हणून दाखवतात त्या शिळेवर तलवार आणि ओबडधोबड आकृती कोरलेली आहे, नाव नाही, साल नाही. ही शिळा त्याच्यापेक्षा काही शतकं जुनी, मध्ययुगातली. कोणा दुसऱ्याच्या थडग्यावरची, जी याच्या वाटेला आली. जुनी शिळा परत वापरणं इथं सर्रास चालायचं, चांगला सपाट दगड काढायला मेहनत लागते आणि ज्याचा होता तो काही तक्रार करायला येत नाही. नाव असलेला उभा दगड आणि कठडा हे नंतरचं काम.

मी दोन्ही हात त्या शिळेवर ठेवून बघितले होते, मार्च महिना, बोटं बधिर. तलवारीच्या खाचेत शेवाळ आणि त्यात कोणीतरी ठेवलेली पाच-सहा नाणी. तलवार खरी, पण ज्याची तलवार तो कोण हे कोणालाच माहीत नाही आणि नाणी मिळतायत दुसऱ्याला.

११. त्या तीन थडग्यांत कोण कोण आहे? बायकोचं नाव मेरी की हेलन?

मेरी. ‘हेलन’ हे रॉब रॉयवरच्या स्कॉटच्या कादंबरीमुळे डोक्यात बसलंय. मुलांपैकी कॉल, जो बापामागोमाग १७३५ मध्ये गेला, आणि रॉबिन ओग म्हणजे धाकटा रॉबिन. या रॉबिनने १७३६ मध्ये नांगर धरलेल्या एका मॅकलॅरेनला गोळी घालून मारलं (वैराचं मूळ प्रश्न ६), पुढे १७५० मध्ये भावांना घेऊन जीन की नावाच्या तरुण विधवेला तिच्या पैशासाठी घरातून पळवून जबरदस्तीने लग्न लावलं, त्यासाठी फेब्रुवारी १७५४ मध्ये एडिनबरात फाशी गेला आणि प्रेत इथं आणून बापाशेजारी पुरलं. थडग्यावर फुलं ठेवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. तिसरा भाऊ जेम्स मोर याच प्रकरणात एडिनबराच्या किल्ल्यातून चांभाराच्या वेषात पळाला आणि पॅरिसमध्ये मेला, तो इथं नाही, दरवर्षी कोणीतरी त्याचा दगड शोधत असतं.

१२. एका प्रसिद्ध इंग्रज कवीने या थडग्यावर कविता केली ना? त्यात वर्णन जुळत नाही.

जुळणार कसं, तो इथं उभाच नव्हता. १८०३ च्या प्रवासात त्याला कोणीतरी लॉख कॅट्रिनच्या टोकाजवळची, ग्लेनगाईलची दगडी कुंपण घातलेली छोटी दफनभूमी दाखवून हेच ते म्हणून सांगितलं आणि त्याने विश्वास ठेवला. जन्माचं गाव आणि मरणाचं गाव यांची सरमिसळ. कविता सुंदर आहे, पत्ता चुकलाय.

१३. चर्चमध्ये माणसाच्या मुंडक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती म्हणे? हे कुठल्या चर्चमध्ये?

हो, आणि याची सरकारी नोंद आहे, नुसती दंतकथा नाही. १५८९ मध्ये राजा सहाव्या जेम्सच्या लग्नाच्या जेवणासाठी हरणं मारायला ग्लेन आर्टनीच्या जंगलात गेलेला राजाचा वनरक्षक जॉन ड्रमंड याचा खून झाला, मुंडकं कापून नेलं. बॅलव्हिडरच्या चर्चमध्ये मॅकग्रेगरांचा तरुण चीफ अलास्डर (प्रश्न ९ मध्ये फाशी गेला तोच) आणि त्याची माणसं जमली, एकेकाने त्या मुंडक्यावर हात ठेवला आणि मारणाऱ्यांना पाठीशी घालायची शपथ घेतली, असं प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, १५९० च्या कागदात आहे. मारणारे मॅकग्रेगरच होते की ग्लेनकोचे मॅकडॉनल्ड यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. अलास्डरने सगळ्यांचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला, एवढं नक्की.

आता तुमचा मुद्दा. आज दिसणारं पडकं चर्च १६३१ चं, म्हणजे शपथेनंतर चाळीसेक वर्षांनी बांधलेलं. त्यामुळे पडक्या भिंतींत उभं राहून ‘इथंच मुंडकं ठेवलं होतं’ असा व्हिडिओ काढू नका प्लीज, ते त्याआधीच्या चर्चमध्ये घडलं.

१४. पऱ्यांनी पळवून नेलेला पाद्री इथलाच का?

इथला आणि शेजारच्या अ‍ॅबरफॉइलचाही. रॉबर्ट कर्क, १६६४ ते १६८५ बॅलव्हिडरचा मिनिस्टर. सातवा मुलगा, आणि सातव्या मुलाला इथं दिव्यदृष्टी असते असं मानायचे. बाहेर त्याचं नाव आहे ते पऱ्या आणि अदृश्य लोकांबद्दल गावकऱ्यांना विचारून विचारून लिहिलेल्या हस्तलिखितामुळे, आजच्या भाषेत फील्डवर्क. १६९२ मध्ये तो अ‍ॅबरफॉइलला टेकडीवर फिरायला गेला आणि तिथंच कोसळला, लोक म्हणाले मेला नाही, गुपितं फोडली म्हणून पऱ्यांनी त्याला नेला, शवपेटीत दगड आहेत.

पण बॅलव्हिडरपुरतं बघायचं तर त्याचं मोठं काम भाषेचं. १६८४ मध्ये त्याने बायबलमधली स्तोत्रं गेलिकमध्ये छंदात आणली, संपूर्ण स्तोत्रसंग्रह गेलिकमध्ये छापला गेला तो पहिल्यांदा. लोक ज्या भाषेत भांडतात, रडतात, त्याच भाषेत त्यांनी गावं हा आग्रह, आपल्याला नवीन नाही. त्याच वर्षी त्याने चर्चला घंटा दिली, ती तडकल्यामुळे आता वाजवत नाहीत, नव्या चर्चमध्ये ठेवलीय. आणि कर्कयार्डमध्ये त्याची बायको इझाबेल कॅम्पबेल आहे, १६८० च्या नाताळच्या दिवशी गेली. तिच्या दगडावरची अक्षरं नवऱ्याने स्वतः कोरली असं सांगतात. रॉब रॉयसमोरची गर्दी ओसरेपर्यंत तिच्याजवळ थांबा, तिथं कोणी नसतं.

१५. नव्या चर्चचा पैसा बियरमधून आला हे खरं?

बियर आणि साखर. स्ट्रॉनव्हार इस्टेटीचा मालक डेव्हिड कार्नेगी, घराण्याचा धंदा स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला, पोर्टर बियरची भट्टी आणि साखरेचा कारखाना. पैसा कमावून तो स्कॉटलंडला आला, लॉख व्हॉइलच्या काठी इस्टेट घेतली आणि १८५३ ते ५५ मध्ये डेव्हिड ब्राइस या नामांकित आर्किटेक्टकडून हे चर्च बांधून घेतलं, त्याच्या घराचा आर्किटेक्टही तोच. कार्नेगी पोर्टर अजून स्वीडनमध्ये मिळते. अमेरिकेतला लायब्ऱ्या बांधणारा पोलादवाला कार्नेगी वेगळा, हे दर तिसरा माणूस विचारतो.

१६. रॉब रॉय नंतर कॅथलिक झाला होता, मग प्रॉटेस्टंट दफनभूमीत कसा?

चांगला प्रश्न. म्हातारपणी तो कॅथलिक झाला असं मानतात. पण प्रेस्बिटेरियन लोक जमिनीला पवित्र करणं वगैरे मानतच नव्हते, त्यांच्या लेखी कर्कयार्ड म्हणजे पुरायची जागा, बस. पॅरिशमधला माणूस मेला, पॅरिशच्या जमिनीत गेला. त्या काळी वेगळं कॅथलिक स्मशान होतं तरी कुठं?

१७. भारताशी, त्यातही महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो मलाही उशिरा कळला. नावबंदी उठल्यावर मॅकग्रेगरांना चीफ हवा होता, तर ८२६ जणांनी सह्या करून ज्याला मान्य केलं तो जॉन मरे हा ईस्ट इंडिया कंपनीत होता, बंगालमध्ये ऑडिटर जनरल. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातून त्याने बॅलव्हिडर भागात जमीन घेतली. म्हणजे शतकानुशतकं हाकलल्या गेलेल्या क्लॅनला आपलं घर परत मिळालं ते कंपनीच्या नोकरीतून.

त्याचा मुलगा इव्हान हा फौजेत. २७ फेब्रुवारी १८१८, खानदेशात तापीकाठी थाळनेरचा किल्ला, आता धुळे जिल्ह्यात. होळकरांशी झालेल्या तहात किल्ला इंग्रजांना द्यायचा ठरला होता, जनरल हिस्लॉप तो ताब्यात घ्यायला आला, बाहेरून तोफा चालल्या आणि मग काही अधिकारी दरवाजांतून आत शिरले. शेवटच्या दरवाजाशी बोलणी चालू असताना दोन्हीकडची भाषा एकमेकांना कळेना आणि एकदम कापाकापी झाली, त्यात हा इव्हान जबर जखमी झाला. त्यानंतर किल्ल्यातल्या सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिलं. चार वर्षांनी, १८२२ मध्ये, हाच इव्हान एडिनबरात राजा चौथ्या जॉर्जसमोर आपल्या क्लॅनला घेऊन मिरवत होता आणि त्याच वर्षी घराण्याने ‘मॅकग्रेगर’ हे आडनाव रीतसर परत घेतलं. इथं सगळे नावबंदीची गोष्ट डोळे पुसत सांगतात, थाळनेरची कोणी सांगत नाही. धुळ्याकडचे कोणी वाचत असतील तर किल्ल्याच्या बुरुजाचे आजचे फोटो पाठवा.

इव्हान स्वतः बॅलव्हिडरला पुरलेला नाही, तो पुढे बार्बाडोसचा गव्हर्नर झाला आणि १८४१ मध्ये तिथंच मेला.

१८. माझ्या नवऱ्याचं आडनाव मॅकग्रेगर आहे, त्याचे पूर्वज इथं सापडतील का?

कदाचित, पण आडनावावर जाऊ नका. बंदीच्या काळात लोकांनी ड्रमंड, मरे, कॅम्पबेल, ग्रॅहम, स्ट्युअर्ट जे हाताला लागेल ते नाव घेतलं, १७७४ नंतर काहींनी परत बदललं, काहींनी नाही. म्हणून एकाच घरात दोन पिढ्यांत दोन आडनावं निघतात. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी आहे, ती व्यवस्थित. त्याआधीच्या पॅरिशच्या जुन्या वह्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी साइटवर पैसे भरून बघता येतात, त्यात बारसं आणि लग्नं बरी मिळतात, मयताच्या नोंदी विरळ. आणि दगड नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका, गरिबाला कोरीव दगड परवडायचाच नाही, बहुतेकांच्या डोक्याशी नुसता नदीतला धोंडा.

१९. जमीन कोणाची? चर्चची की क्लॅनची? अजून पुरतात का?

इथं कायद्याची गाठ आहे. १९२५ च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमधल्या जुन्या पॅरिशांच्या दफनभूम्या स्थानिक प्रशासनाकडे गेल्या, चर्चची इमारत चर्चकडे राहिली. म्हणजे फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत तुम्ही कौन्सिलच्या जागेत चालता. एका कबरीच्या जागेला इथं ‘लेअर’ म्हणतात, आणि लेअर घेतली म्हणजे जमीन विकत घेतली असं नसतं, फक्त तिथं पुरायचा हक्क मिळतो. नव्या काळातले दगडही तुम्हाला दिसतील, त्यांच्याजवळ आवाज कमी ठेवा, कोणाचे तरी आईबाप आहेत ते.

२०. दगडावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढला तर चालेल? शेवाळ साफ केलं तर?

दोन्ही नको. वर आलेली झिजलेली रेषा घासली की अजून झिजते आणि दगडफूल खरवडलं की त्याच्यासोबत दगडाची साल निघते. अक्षर वाचायचंच असेल तर संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च दगडाला लागून आडवा धरा, जे दिवसा दिसत नाही ते उठून येतं. नाणी ठेवण्याबद्दल विचारता, तर मी ठेवत नाही, तांब्याचा डाग दगडात उतरतो.

२१. जायचं कसं, किती वेळ ठेवायचा?

गाडीने ए-८४ रस्ता, कॅलेंडर सोडलं की लॉख लुबनाईगच्या काठाने वर, किंग्सहाऊसला डावीकडे वळायचं, तिथून दोनेक मैल. स्टर्लिंगहून तासभर धरा. शेवटचा रस्ता एका गाडीपुरता, समोरून कोणी आलं की बाजूच्या खाचेत शिरायचं आणि हात दाखवायचा, हात न दाखवणं इथं फार उद्धटपणाचं. जून ते ऑगस्ट मिज नावाची चिलटं अक्षरशः खातात, जाळीची टोपी घ्या. पायात बूट, चपला नको, गवत कायम ओलं.

चर्च आणि कर्कयार्डला तास-दीड तास, क्रेग अन टुर्कला जाणार असाल तर अजून तास. जमल्यास तळ्याकाठचा रस्ता संपेपर्यंत सहाएक मैल गाडी पुढे न्या, इन्व्हरलॉखलारिग येतं. माझी आत्या सगळा वेळ ‘एवढं सात समुद्रापलीकडे येऊन थडगीच बघायची का गं’ म्हणून कुरकुरत होती आणि तिथं पोचल्यावर शेतात उभ्या लांब केसांच्या लाल गाईंकडे बघत अर्धा तास बसली, निघायचं नाव घेईना.